इन्स्पेक्टरांचा एक जूनचा केक

दोन हजार तेवीस साली मी त्र्याहत्तर वर्षांचा होतो. म्हणजे शाळेच्या दाखल्याप्रमाणे. खरं वय फक्त आईला ठाऊक होतं, आणि ती मी विचारायच्या आधीच गेली. एवढ्या वर्षांत नाना तऱ्हेची माणसं पाहिली. पण देवानं हे जग तपासणी न करताच बाहेर पाठवलं आणि राहिलेली तपासणी आता आपल्यालाच उरकायची आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला. तो चिखलीत आमच्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे अक्षरशः डोक्यावर. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, ते तिसऱ्या.

इमारतीत सगळे त्यांना इन्स्पेक्टर म्हणत. नवा भाडेकरू आला की पहिले चार दिवस त्यांना पोलीस समजून गाडी सरळ लावायचा. पोलिसांशी त्यांचा कसलाच संबंध नव्हता. मूळचे लातूरकडचे, आणि इकडे एका गिअरच्या कंपनीत तीस वर्षं तयार माल तपासायला होते. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक लाल, एक हिरवं. लाल म्हणजे रिजेक्ट, हिरवं म्हणजे पास. लाल पेन महिन्याला संपायचं, हिरवं मी कधी उघडलेलं पाहिलं नाही. पँटच्या खिशात व्हर्नियर, म्हणजे केसाएवढी जाडी मोजायची ती चिमट्याची पट्टी. रिटायर झाले तेव्हा कंपनीनं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यांनी आठवडाभर तपासलं, दिवसाला चार सेकंद मागं पडतंय अशी चिठ्ठी चिकटवली आणि परत नेऊन दिलं.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे लाजेनं मान खाली घालणं. वांगी घ्यायची तर ते आधी तीन ढीग करणार. एक पास, एक रिजेक्ट आणि एक दुरुस्तीला जाण्यासारखी. भाजीवाली एकदा त्यांना हात जोडून म्हणाली, "सायेब, वांगी हायती ही, बेरिंग न्हाईत." त्यावर इन्स्पेक्टर शांतपणे म्हणाले, "म्हणूनच तर जास्त बगावं लागतंय, मावशी. बेरिंग कुणी खात नसतंय." लग्नाला गेले तर अक्षता हातात धरून मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का ते बघणार. आमच्याकडे सत्यनारायणाला आले तेव्हा प्रसादाचा शिरा तोंडात घालायच्या आधी त्यांनी चौरंग हलवून पाहिला आणि एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. देवसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा सरळ बसला असेल.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे आमचं का जमलं नाही ते कळेल. मी राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावचा, चौथी शिकलेला. चौतीस वर्षं हॅमर शॉपमध्ये काढली. भट्टीत लोखंड लाल करायचं, सांडशीनं उचलायचं आणि हॅमरखाली धरायचं. लोखंड कधी बाहेर काढायचं हे भट्टीवरचं मीटर सांगायचं, पण मीटर खोटं बोलायचं आणि माझा डोळा खोटं बोलायचा नाही. साहेब लोक मीटर बघून हो म्हणायचे, मी रंग बघून नाही म्हणायचो, आणि शेवटी माझंच खरं व्हायचं. एवढं करून जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, तयार झाला की कुणीतरी पांढऱ्या शर्टातला इन्स्पेक्टर यायचा, पट्टी लावायचा आणि लाल फुली मारून जायचा. चौतीस वर्षांत पासच्या रकान्यात सही करायला मला कुणी बोलावलं नाही. तेव्हा इन्स्पेक्टर या जातीबद्दल माझं मत काय असणार?

तरी वरचे इन्स्पेक्टर आणि मी बरेच दिवस राम राम करून होतो. बिघडलं ते पायरीवरून. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. एके सकाळी दुधाच्या पिशव्या घेऊन येताना पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे मी पडलो. गुडघा फुटला, दूध जिन्यावरून पार खाली गेलं. इन्स्पेक्टर धावत आले. मला वाटलं हात देतील. ते खाली बसले आणि पायरीला व्हर्नियर लावला. मग सहा जणांसमोर मोठ्यांदा म्हणाले, "आबा पडले न्हाईत! आबांना पाडलंय! सातवी पायरी अकरा मिलिमीटर जास्त हाय!" दुपारपर्यंत ती पायरी त्यांनी पिवळीजर्द रंगवली आणि खाली फळ्यावर सूचना लावली: 'पहिल्या व दुसऱ्या मजल्यामधील सातवी पायरी, जिच्यावर आबा पडले, ती उंच आहे. पाहून चालणे.' ती सूचना महिनाभर राहिली. गॅसवाल्यालाही बायका सांगायला लागल्या, "आबांच्या पायरीवरून वर या." ज्या माणसाचा पाय तापल्या लोखंडाजवळ चौतीस वर्षांत घसरला नाही, त्याच्या नावाची पडायची पायरी झाली! त्या दिवसापासून मी इन्स्पेक्टरांशी बोलणं सोडलं आणि त्या पिवळ्या पायरीवर पाय ठेवणंही सोडलं. कठडा धरून, दुखरा गुडघा उचलून, सहावीवरून थेट आठवीवर. अशी तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत त्या पायरीवर दुसरं कुणी पडलं नाही हे मला दिसत होतं, पण बोलून दाखवायची गरज वाटली नाही.

इन्स्पेक्टरांच्या घरात एकच गोष्ट बिनमापाची होती, ती म्हणजे त्यांची बायको. आम्ही त्यांना वहिनी म्हणायचो. वहिनी घरी केक करून विकायच्या आणि सगळं हातानं, अंदाजानं करायच्या. त्यांचा एक केक सगळ्या इमारतीचा होता, एक जूनचा. आमच्या इमारतीत म्हातारी माणसं आठ, आणि आठही जणांचा वाढदिवस एक जूनला. यात चमत्कार काही नाही. आमच्या वेळी पोराला शाळेत नेलं की गुरुजी विचारायचे, कधी जन्मला? बाप सांगायचा, भात झोडपायच्या वेळेला. गुरुजी पुढं काही न विचारता एक जून लिहायचे. आमच्या मंडळींचंही, म्हणजे बायकोचंही, तसंच. वहिनी म्हणायच्या, "गुरुजींनी माझे किती कष्ट वाचवले बघा, आठ जणांत एकच केक." तो चॉकलेट आणि माल्टचा असायचा. माल्ट म्हणजे आजारी माणसाला दुधात घालून देतात ती पावडर. वरून लोण्याच्या क्रीमचा जाड थर. अंडं आमच्या मंडळींना चालत नाही, म्हणून सगळं दह्यावर. करोनाच्या आदल्या वर्षी वहिनी गेल्या आणि एक जून परत नुसती शाळेच्या दाखल्यातली तारीख झाली.

दोन हजार तेवीसच्या एप्रिलात आमची मंडळी तापानं पडली. इमारतीत तिला सगळे आक्का म्हणतात. ताप तीन आठवड्यांनी गेला, पण जाताना जेवण घेऊन गेला. भाकरी पुढं ठेवली तर तोंड फिरवायची. पेज नको, वरण नको, डाळिंबाचे दाणेसुद्धा नकोत. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आबा, औषधाचं काम झालंय. आता त्या खातील तरच उठतील. जे मागतील ते द्या." पण मागेल तर द्यायचं ना. बावन्न वर्षांच्या संसारात तिनं कधी काही मागितलं नाही, आणि त्याचा मला अभिमान होता. मे महिन्यात मला पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

मग एका दुपारी मी तिच्यासाठी माल्टचा डबा फोडला. वास आला तशी तिनं मान वळवली. म्हणाली, "आवं, वैनींच्या केकावानी वास येतोय."

"खाशील का केक?"

"त्यो असता तर खाल्ला असता."

मी तसाच उठलो आणि कोपऱ्यावरच्या दुकानातला सगळ्यात चांगला चॉकलेटचा केक आणला. तिनं एक चमचा तोंडात घातला आणि चमचा खाली ठेवला. "फेस खाल्ल्यासारखं लागतंय," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

मे महिन्याची शेवटची तारीख होती. मी अर्धा तास गॅलरीत उभा राहिलो. वर इन्स्पेक्टरांच्या घरात भांड्याचा आवाज येत होता. वर जायचं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मी आजवर साहेबापुढंही कधी हात पसरला नव्हता. पण आत बांगड्या वाजल्या, सैल झालेल्या बांगड्या वाजतात तशा, आणि मी जिना चढलो.

दार उघडून इन्स्पेक्टर माझ्याकडं पाहतच राहिले. मी म्हणालो, "तीन वर्षांनी आलोय. आत घ्याचं तर घ्या. आक्का काय खात न्हाई. वैनींचा एक जूनचा केक मागतीय."

त्यांनी मला आत घेतलं, खुर्ची दिली, खुर्ची डगमगत नाही ना ते पाहिलं आणि मग समोर बसले. म्हणाले, "आबा, त्यो केक मला जमंना गेलाय. अकरा खेपा केला बगा. अकरा रिजेक्ट."

त्यांनी वहिनींची वही आणली. कव्हर तेलकट, पानापानांवर कोकोचे डाग. पानोपानी वहिनींनी लिहिलेलं, दही अंदाजे, साखर हाताला लागेल तेवढी, मीठ चिमूट. आणि शेजारी इन्स्पेक्टरांचं बारीक अक्षर, ग्रॅममध्ये. चार वर्षं ते बायकोचा अंदाज मोजत बसले होते. चिमूट म्हणजे किती ते कळावं म्हणून त्यांनी वहिनींच्या जुन्या अंगठीवरून बोटाची जाडीसुद्धा काढली होती. सगळं जमलं होतं, फक्त एका ओळीपाशी लाल फुल्यांची रांग होती. 'माल्ट कोरडं भाजणे. रंग आला की उतरवणे.'

"कोणता रंग?" इन्स्पेक्टर म्हणाले. "तिनं लिवलंच न्हाई. मी चार मिनिटं भाजलो, पाच भाजलो, थर्मामीटर लावलो. कवा कच्चं लागतंय, कवा जळकं. आन तपासून तरी कशाशी बगू? मास्टर पीसच ऱ्हायला न्हाई."

मास्टर पीस म्हणजे कंपनीत कपाटात जपून ठेवलेला तो एक बरोबर नमुना, ज्याच्याशी ताडून बाकीचे जॉब तपासतात. मी म्हणालो, "मास्टर पीस हाय. खाली खाटंवर पडलाय. आक्कानं धा वर्षं त्यो केक खाल्लाय. तुमी फकस्त तिच्या तोंडापतुर न्या." मग उठलो आणि म्हणालो, "आन रंगाचं माझ्यावर सोडा. तवा कुठाय?"

पहिलं मी स्वयंपाकघराचा पडदा ओढला आणि ट्यूब बंद केली. झगझगीत उजेडात रंग कळत नाही, आमच्या शॉपमध्येसुद्धा भट्टीजवळ दिवे मंदच असायचे. इन्स्पेक्टर हातात घड्याळ धरून उभे होते, तेही मी खिशात घालायला लावलं. मंद आचेवर पावडर परतायला लागलो. पांढरी होती ती सायीच्या रंगावर आली, मग गव्हाच्या. इन्स्पेक्टर माझ्या खांद्यावरून बघत होते आणि त्यांचा श्वास मला कानापाशी ऐकू येत होता. पावडर नव्या गुळाच्या रंगाकडं वळायला लागली, अजून वळली नव्हती, तोच मी तवा उचलून पावडर ताटात ओतली.

"आवो, रंग आला न्हाई आजून!" इन्स्पेक्टर ओरडले. "वहीत काय लिवलंय?"

"गप बघा," मी म्हणालो.

ताटात पडलेली पावडर आमच्या डोळ्यांदेखत अजून एक पायरी पुढं गेली आणि बरोबर गुळाच्या रंगावर थांबली. साऱ्या स्वयंपाकघरात वास भरला. तापलेली वस्तू भट्टीबाहेर काढली तरी आतून तापतच राहते. रंग आला की काढीन म्हणणाऱ्याचं लोखंड जळतं. तो येत असतानाच काढावं लागतं. वहिनींना हे हातानं ठाऊक होतं, म्हणून लिहावंसं वाटलं नसेल. इन्स्पेक्टरांनी वहीतला शब्द प्रामाणिकपणे पाळला होता, अकराच्या अकरा वेळा. त्यांनी चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली आणि पाठ फिरवून खिडकीचा पडदा उगाच सारखा करत राहिले.

पुढचं काम त्यांचं, आणि तिथं मी त्यांना मानलं. मैदा, कोको, माल्ट तीनदा चाळलं. दही आधी थंड आहे म्हणून बाहेर काढून ठेवलं, मग कोमट झालं म्हणून माझ्याकडं असं पाहिलं जसं मीच ते तापवलं. ओव्हनमध्ये दोन तबकड्या भाजल्या. गार झाल्यावर व्हर्नियर लावला, एक तबकडी मध्ये तीन मिलिमीटर फुगली होती. शिवणाचा दोरा ताणून त्यांनी ती इतकी सपाट कापली की त्यावर गवंड्याची लेव्हल ठेवली तर बुडबुडा मध्यभागी उभा राहिला. मी म्हणालो, "आता ह्यावर भिंत चढवायची का?" ते म्हणाले, "तिरका केक खाऊन माणूस सरळ उभा कसा ऱ्हाईल, आबा?"

क्रीमनं मात्र आम्हाला रडवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, एक जूनला, आम्ही लोणी फेसायला घेतलं. अजून पाऊस नाही, नुसती तलखी. लोणी वाटीत ठेवलं की तेल होत होतं. वहिनींनी लिहिलं होतं, 'लोणी बोटाला खड्डा पडेल इतपत मऊ.' इन्स्पेक्टर खड्ड्याची खोली मोजायला निघाले तेव्हा मी त्यांचा हात धरला. पातेलं माठातल्या गार पाण्यात ठेवलं, त्यांनी पिठीसाखर थोडी थोडी सोडली, मी फेसत राहिलो. त्यांच्याकडं विजेचं यंत्र होतं, पण मी हातानंच फेसणार म्हणालो, आणि एकदा म्हटल्यावर मागं कसं फिरायचं? खांदा भरून आला. लोणी पांढरं होत गेलं, हलकं झालं. मग भाजलेलं माल्ट, कोको आणि मिठाची ती अंगठीवरून मोजलेली चिमूट. क्रीम लावताना त्यांनी कडेला पट्टी धरली आणि केक असा गुळगुळीत केला की त्यात तोंड दिसावं.

संध्याकाळी पाच वाजता आम्ही दोघं केक आणि वही घेऊन खाली आलो. आक्काला उशीला टेकवून बसवली. मी चमचा पुढं केला. इन्स्पेक्टर खाटेच्या पायथ्याशी उभे, खिशातली दोन्ही पेनं हातात. तिनं घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. किती वेळ मिटले ते घड्याळाला ठाऊक. मला तेवढ्यात बावन्न वर्षं दिसून गेली. मग ती म्हणाली, "साखर वैनींपरास जरा कमी हाय."

"किती कमी, आक्का?" इन्स्पेक्टरांनी विचारलं. "ग्रॅममधी सांगा."

"भावजी, गप बसा," आक्का म्हणाली आणि ताटली पुढं केली. "आन आजून घाला."

तिनं दोन तुकडे खाल्ले. दुसरा तर ताटली बोटांनी पुसून खाल्ला. म्हणाली, "वैनींचाच हात हाय ह्यो. कुणी केला?" आम्ही दोघांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. बऱ्याच दिवसांनी ती हसली, आणि मग तिनं घोटभर पाणी स्वतःच्या हातानं घेतलं.

इन्स्पेक्टरांनी वही उघडली. मी हिरवं पेन उघडलेलं पहिल्यांदा पाहिलं. ते वाळलं होतं, दोनदा झटकावं लागलं. 'रंग आला की' या वहिनींच्या अक्षराला त्यांनी हात लावला नाही, शेजारी लिहिलं, 'येत असताना.' खाली 'पास' असं लिहून एक रेघ ओढली आणि वही माझ्यापुढं सरकवली.

"सही करा."

"मी?"

"मग कोण? तपासलं कुणी?"

मी सही केली. माझी सही मोठी आणि वाकडी असते, रेघ ओलांडून गेली. इन्स्पेक्टरांनी ती पाहिली, आणि पट्टी काही लावली नाही.

जाताना दारात उभे राहून त्यांनी सांगितलं की मुलानं मारुंजीला घर घेतलंय, पंधरा तारखेला त्यांना घेऊन जाणार आहे. बाराव्या मजल्यावर, दोन लिफ्ट. "चांगलं झालं की," मी म्हणालो. ते म्हणाले, "चांगलं खरं. पण तिथं कुणी जिना चढतंच न्हाई, आबा. मी दिवसभर काय बगू?" अजूनही कधी दुपारी वरून भांड्याचा आवाज येतो. तिथं आता दुसरं बिऱ्हाड आहे, चांगली माणसं आहेत, पण त्यांचा उंबरा थोडा तिरका बसलाय आणि त्यांना ते कळलेलंही नाही. मला कळतं. एक जूनला आक्का केक करते, मी माल्ट भाजतो आणि एक तुकडा मारुंजीला घेऊन जातो. तिकडून चिठ्ठी येते, लाल शाईत, साखरेबद्दल.

पण त्या वर्षी दोन जूनला सकाळी आक्कानं उठून मऊ भात मागितला. तो तिनं खाल्ला, मी भांडं विसळलं आणि कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून पिवळ्या रंगाचा लहान डबा आणि दोन इंची ब्रश आणला. सातव्या पायरीचा रंग कडेनं उडाला होता. गुडघा टेकून बसलो, पायरी पुसली आणि कडेपासून कडेपर्यंत रंगवली, कुठं पातळ राहू दिली नाही. रंग ओला होता, म्हणून त्या दिवशीही मी ती पायरी ओलांडूनच वर गेलो.